पिवळा फ्रॉक, लांब बाह्या

ता. ४, सोमवार. संध्याकाळी सात

लेका,

वर तारीख घातली, वार घातला, वेळही घातली. खाली सही करीन. तुझ्या वकिलाला फोनवरचं बोलणं चालत नाही, हाताने लिहिलेलंच लागतं म्हणालास, म्हणून बासष्टाव्या वर्षी पुन्हा पेन हातात धरलंय. अक्षराला हसू नकोस.

पोचलो एकदाचे. बसने साडेपाच तास. खोली तिसऱ्या मजल्यावर, दोन पलंग, दार आपलं आपण उघडणारं एक कपाट, आणि गॅलरीतून डावीकडे मान काढली तर समुद्र. तुझ्या लेकाने, आपल्या मास्तरांनी, तो आल्या आल्या शोधला आणि मान कशी काढायची ते मला शिकवलं. सात वर्षं पूर्ण झाली त्यांना, आता जगाला शिकवायचं काम त्यांच्याकडेच आहे. मुंगी पलंगावर उड्या मारतेय. चार वर्षांची झाली तरी अंगाला काही लागत नाही, नाव ठेवलं तशीच निघाली.

आता मुद्द्याचं. तू बजावलंस ते मी विसरलेली नाही. वीस तारखेला कोर्टात मुलं कुणाकडे राहणार ते ठरायचंय. ‘आई, तू एकतीस वर्षं कपड्यांच्या कारखान्यात चेकर होतीस, सुटलेला टाका तुझ्या नजरेतून निसटत नाही, चार दिवस तिच्याबरोबर राहा आणि ती मुलांकडे कुठे कुठे दुर्लक्ष करते ते लिहून पाठव.’ मुलं तुझ्याकडे आली की मीही तुझ्या शहरात यायचं, तू कामावर गेलास की मीच त्यांना बघायचं. दोन्ही नातवंडं दिवसभर माझ्याजवळ! मला आणखी काय पाहिजे? तुझी बायको ‘आई, तुम्हीपण चला ना’ म्हणाली तेव्हा मी लगेच हो म्हटलं. तिचा चेहरा असा फुलला की मला दुसरीकडे बघावं लागलं. ते जाऊ दे.

दोष लिहिते. बसमध्ये मुंगीला दोनदा उलटी झाली. निघताना मोसंब्याचा रस पाजला होता, तो पाजायला नको होता. हे लिहून घे. आता पुढचं लिहू नये खरं तर, पण अर्धवट लिहिणं मला जमत नाही. मी पिशवीत रुमाल शोधतेय तोवर तुझ्या बायकोने पोरीचं तोंड पुसलं, कपडे बदलले, घाण पिशवीत बांधली, खिडकी उघडली, आणि रडणाऱ्या मास्तरांना काम दिलं, ‘तू रस्त्यावरचे ट्रक मोज आणि मला दर पाच मिनिटांनी सांग.’ पोर रडायचं विसरलं. सगळं त्याच एका आवाजात. रुग्णवाहिकेचे फोन घेते ना ती, पलीकडे माणूस जीव जातोय म्हणून ओरडत असतो आणि ही ‘तुम्ही कुठे आहात, जवळ कोण आहे’ असं विचारते, तोच तो आवाज. आठ महिन्यांपूर्वी घर सोडताना तू म्हणालास, या बाईला काही वाटतच नाही, बर्फासारखी थंड आहे. आज मी नीट ऐकला तो आवाज. थंड आहे खरा. पण आख्ख्या बसमध्ये घाबरलं नव्हतं असं तेवढंच एक माणूस होतं.

दुसरा दोष. दोघांना एकसारखे भडक नारिंगी टी-शर्ट घेतलेत, गर्दीत लांबून दिसावेत म्हणून. काय ती शिवण! काखेत धागे लोंबतायत, खालची दुमड वाकडी. माझ्या टेबलावर आले असते तर खडूची फुली मारून परत पाठवले असते. शिवाय रोज सकाळी दोघांचा फोटो काढते, आणि डाव्या हातावर पेनाने आपला फोन नंबर लिहून वरून नेलपॉलिश लावते, पाण्याने जाऊ नये म्हणून. मालाच्या खोक्यांवर मारतात तसा नंबर नातवंडांच्या अंगावर! मला नाही आवडलं. लिहून घे.

तुझी आई
(सही केली आहे)


ता. ५, मंगळवार. दुपारी तीन

लेका,

सगळे झोपलेत. माझ्या केसांत वाळू आहे, कानात वाळू आहे, आणि मास्तर म्हणतात ती आठवडाभर निघत राहते.

आज सकाळी समुद्रावर होतो. दुर्लक्ष कुठे होतंय ते बघायला मी छत्रीखाली चांगली डोळ्यांत तेल घालून बसले. पाण्यात जायच्या आधी तिने दोघांना पाण्याकडे पाठ करून उभं केलं. म्हणाली, ‘आपण कुठे बसलोय?’ मास्तर म्हणाले, ‘आजीजवळ.’ ‘आजी उठून गेली तर?’ मग त्यांनी बघितलं, निळी छत्री, मागे उलटी ठेवलेली होडी, तिच्यामागे पाण्याची उंच टाकी. ‘टाकी उठून जाणार नाही,’ मुंगी म्हणाली. लाट माणसाला आत नेत नाही नुसती, हळूच बाजूला सरकवते, आणि आपल्याला वाटतं आपण तिथेच आहोत, असं तिने त्यांना समजावलं. मला बासष्ट वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. नंतर दर थोड्या वेळाने ‘टाकी?’ असं ती ओरडायची आणि दोघं वळून बोट दाखवायची. तिने एकदाही ‘लांब जाऊ नका’ म्हटलं नाही. मी तुला दिवसाला पन्नास वेळा म्हणायची, आणि तू पन्नास वेळा जायचास.

मग मास्तरांनी विचारलंच, ‘बाबा का नाही आले?’ मी कान टवकारले. हेच तर लिहायचं होतं ना मला, ती मुलांच्या मनात तुझ्याबद्दल काय भरवते ते. ती म्हणाली, ‘बाबांना सुट्टी नाही मिळाली. पण लाटेला घाबरायचं नसतं, उडी मारून तिच्या डोक्यावरून जायचं असतं, हे मला बाबांनीच शिकवलंय. आता मी तुला शिकवते.’ आणि शिकवलं. मास्तर पहिल्यांदा तोंडावर आपटले, दुसऱ्यांदा आपटले, तिसऱ्यांदा गेले वरून आणि ओरडले, ‘बाबांची उडी!’ तेवढ्यापुरतं मला दिसेनासं झालं. ऊन फार होतं.

ते झाल्यावर ती माझ्याकडे आली. ‘आई, आता तुम्ही.’ मी म्हटलं, हट्, या वयात? तिने ऐकलं नाही. हाताला धरून गुडघाभर पाण्यात नेलं. अरे, पायाखालून वाळू निघून जाते तेव्हा कसलं मजेशीर वाटतं! मी किंचाळले. मुंगी म्हणाली, ‘आजी घाबरट.’ कारखान्याला सुट्टी असली की मी घरचे पडदे धुवायची, तुझ्या बाबांना कधी सुचलं नाही आणि मी कधी मागितलं नाही. सुट्टी ही अशीही असते हे मला सुनेने दाखवलं.

हे पत्र वकिलाला दाखवायच्या उपयोगाचं नाही, मला कळतंय. उद्या पार्कला जायचंय. तिथे गर्दी असते, काहीतरी सापडेल.

आई


ता. ६, बुधवार. संध्याकाळी आठ

लेका,

आज पार्कमध्ये जाऊन आलो. फार मोठं आहे. चक्र, बोटी, डोंगरावरून खाली येणारी गाडी, सगळं आहे. मास्तर त्या गाडीत बसले, मुंगीची उंची कमी पडली. माझे पाय दुखतायत.

मुंगीला मी शिवलेला पिवळा फ्रॉक घातला होता. छान दिसत होती. तसा तो टी-शर्टही काही वाईट नव्हता म्हणा.

विशेष काही नाही. मुलं जेवून झोपली. अक्षर वाकडं आलंय कारण टेबल डगमगतंय.

आई


ता. ७, गुरुवार. सकाळी अकरा

तुझा फोन ठेवून अर्धा तास झाला.

मास्तरांच्या पोटात काही राहत नाही हे मला माहीत असायला हवं होतं. तू व्हिडिओवर दिसलास आणि त्यांनी पहिलं वाक्य ठोकलं, ‘बाबा, काल मुंगी हरवली होती! एकवीस मिनिटं! मी माझ्या घड्याळात लावलं होतं!’ मी गॅलरीत टॉवेल पिळत होते, तिथे सगळं ऐकू येत होतं. तू बायकोला विचारलंस आणि ती म्हणाली, ‘हो. माझ्या नजरेतून सुटली. चूक माझी आहे.’ एवढंच. तू किती बोललास! ती सगळं ऐकत उभी राहिली आणि शेवटी म्हणाली, ‘झालं बोलून? मुंगीशी बोलायचंय?’ तू नको म्हणालास. मग माझ्या फोनवर आलास.

‘आई, काम झालं. दुसरं काही लिहूच नकोस. एकवीस मिनिटं, कुठे, कसं, तेवढं लिही आणि सही कर.’ तुझा आवाज आनंदी होता रे. तुझी पोर एकवीस मिनिटं हरवली होती आणि तिला काही लागलं का, ती रडली का, रात्री झोपली का, यातलं तू एकही विचारलं नाहीस. तू वाईट बाप नाहीस, मी जाणते. पण आज तसा वाटलास.

मी तुला म्हटलं, लिहिते. संध्याकाळी लिहिते. टॉवेल वाळत घालते आधी.

आई


ता. ७, गुरुवार. संध्याकाळी पाच

लेका,

दुपारभर कागद समोर घेऊन बसले होते. सगळं लिहून काढलंय. काल ‘विशेष काही नाही’ लिहिलं ते खोटं होतं.

डोंगरावरच्या गाडीला चाळीस मिनिटांची रांग होती. मुंगीला आत सोडणार नव्हते. तुझी बायको म्हणाली, ‘आई, तुम्ही मुंगीला घेऊन इथे बाकावर बसाल का? मी याला घेऊन जाऊन येते. बाकावरून उठू नका, लागलंच तर मला फोन करा.’ मी म्हटलं, अगं, एक मुलगा वाढवलाय मी, जा तू निर्धास्त. ती दोघं रांगेत शिरली. मुंगीने आइस्क्रीम टी-शर्टवर सांडलं. खरं सांगू, मला बरं वाटलं. कारण माझ्या पिशवीत तो पिवळा फ्रॉक होता. महिनाभर बसून शिवला होता, सुनेला सांगितलं नव्हतं. फोटो बिटो निघाले की पार्कमध्ये घालीन, सगळे बघतील, असं मनात होतं. मी पोरीला स्वच्छतागृहात नेलं, तो दळभद्री टी-शर्ट काढला आणि फ्रॉक घातला. लांब बाह्यांचा, उन्हाने हात काळे पडू नयेत म्हणून. हातावरचा नंबर झाकला गेला. तेही मला बरंच वाटलं.

बाकावर येऊन बसलो. समोरून पार्कमधली ती राणी चालली होती, झगा घालून मुलांबरोबर फोटो काढून घेणारी मुलगी. तिच्या झग्याची मागची किनार हातभर उसवली होती, पायात येत होती. मला राहवेना. मी म्हटलं, ‘अगं थांब, तोंडावर पडशील.’ माझ्याकडे सेफ्टी पिना असतातच. वाकले, दुमड धरली, एक पिन लावली, ती नीट बसली नाही म्हणून काढून परत लावली, मग तीन लावल्या, आतून, दिसू नयेत अशा. राणी ‘थँक्यू आजी’ म्हणाली. मी उभी राहिले, मागे वळले, आणि बाक रिकामा.

लेका, पायाखालची जमीन सरकते म्हणतात ना, ती खरंच सरकते. मी नाव घेऊन ओरडले. बाकाखाली बघितलं. स्वच्छतागृहाकडे धावले, परत आले. सगळीकडे पोरंच पोरं, आणि त्यात आपलं एक नाही. फोन करायचं सुचलंच नाही. ती दोघं गाडीतून उतरून हसत आली. माझा चेहरा बघून तिचं हसू गेलं. पण ओरडली नाही. माझ्या दोन्ही खांद्यांना धरलं आणि त्या आवाजात विचारलं, ‘आई, शेवटचं कधी बघितलंत? कुठे होतात? कोणत्या बाजूला तोंड होतं?’ मी सांगत गेले. मास्तरांना तिने घड्याळ लावायला सांगितलं आणि एका हाताने मला, एका हाताने त्यांना धरून चौकशीच्या खिडकीवर नेलं. सकाळचा फोटो दाखवला. भोंग्यावरून सांगितलं गेलं, चार वर्षांची मुलगी, नारिंगी टी-शर्ट.

आणि मी गप्प बसले.

बोबडी वळली होती असं लिहिता येईल. वळलीही होती. पण ते सगळं खरं नाही. मला वाटलं, फ्रॉकचं सांगितलं तर सगळा दोष माझ्या पदरात पडेल. एकतीस वर्षं मी दुसऱ्यांचे दोष काढले रे, माझ्या नावावर एक लागायची सवयच नाही मला. मास्तरांच्या घड्याळात सहा मिनिटं अशी गेली. सहा मिनिटं सगळा पार्क नारिंगी टी-शर्ट शोधत होता आणि नारिंगी टी-शर्ट माझ्या पिशवीत होता.

शेवटी मी म्हटलं, ‘सूनबाई, टी-शर्ट नाहीये. फ्रॉक आहे. मी बदलला.’

ती माझ्याकडे बघेल, काहीतरी बोलेल, निदान डोळे तरी वटारेल असं वाटलं. मी असते तर कानाखाली वाजवली असती. ती म्हणाली, ‘बरं झालं सांगितलंत. आई, माझ्याकडे बघा. कारखान्यात पीस परत पाठवताना तुम्ही कसं सांगायचात, तसा सांगा फ्रॉक. गळ्यापासून.’ आणि काय सांगू तुला, माझी वाचा परत आली. मी सांगितलं, पिवळा सुती, त्यावर मुगाएवढे पांढरे ठिपके, गोल कॉलर, कॉलरला पांढरी गोट, मागे चार बटणं, वरून दुसरं बटण जरा फिकट, कमरेला चुण्या, घेर गुडघ्याखाली दोन बोटं, बाह्या मनगटापर्यंत. खिडकीतली मुलगी लिहीत होती. ‘बाह्या मनगटापर्यंत’ म्हटल्यावर सूनबाई तिला म्हणाली, ‘डाव्या बाहीखाली माझा फोन नंबर आहे. सगळ्यांना बाही वर करून बघायला सांगा.’

दोन मिनिटांत तिचा फोन वाजला. छोट्या झुकझुक गाडीवरची बाई होती. पोर गाडीत बसली होती! पहिला भोंगा त्या बाईने ऐकला होता, डब्यातली सगळी मुलं बघितलीही होती, नारिंगी कुणी नाही म्हणून गाडी सोडून दिली होती. मुंगी फेऱ्यांवर फेऱ्या मारत होती. आम्ही धापा टाकत पोचलो तर ही रागावलेली, ‘आजी, मी तुला तीनदा टाटा केला, तू एकदाही केला नाहीस.’ राणीच्या झग्यात डोकं घालून बसलेल्या आजीला.

तुझ्या बायकोने पोरीला उचललं, गाडीवाल्या बाईचे आभार मानले, खिडकीवर जाऊन वहीत सही केली, मास्तरांना म्हणाली ‘घड्याळ बंद कर, शाबास.’ मग मुलांना माझ्याजवळ देऊन स्वच्छतागृहात गेली. बराच वेळ आली नाही. मी मुलांना खिडकीतल्या मुलीसमोर बसवलं आणि बघायला गेले. ती आत फरशीवर बसली होती. दोन्ही हात गुडघ्यांत दाबून धरलेले, तरी सबंध अंग हलत होतं, दातावर दात आपटत होते. रडत नव्हती, रडता येत नव्हतं तिला. ओकून झालं होतं. ही तुझी बर्फासारखी बाई. कारखान्यात नवीन मुलींना मीच शिकवायची की शिवण वरून बघू नका, कपडा उलटा करा. घरातल्या माणसाला दहा वर्षांत मी एकदाही उलटून बघितलं नव्हतं. तूही नाही.

मला बघून ती काय म्हणाली असेल? ‘आई, मुलांजवळ कोण आहे?’ मी सांगितलं. ‘मग तुम्ही जा ना त्यांच्याजवळ. मी आलेच दोन मिनिटांत.’ अर्ध्या तासापूर्वी जिच्या हातून पोर गेली तिलाच तिने पुन्हा पोरांकडे पाठवलं. मी गेले आणि दोघांचे हात असे धरले की मास्तर म्हणाले, ‘आजी, दुखतंय.’

आज तुझे फोन झाल्यावर मी तिला कपाटाजवळ गाठलं. म्हटलं, कशाला घेतलंस स्वतःवर? ती घड्या घालत होती, थांबली नाही. ‘आई, वीस तारखेला काय होईल मला माहीत नाही. मुलं तिकडे गेलीच, तर त्यांच्याजवळ तुम्ही असायला हव्यात. मुलांच्या बाबांना हे कळलं असतं तर त्यांनी तुम्हाला मुलांजवळ ठेवलं नसतं. कुणीतरी परकी बाई ठेवली असती. मुंगीला परक्या हातचं जेवण उतरत नाही.’

मीही एक टॉवेल घेऊन घडी घालायला लागले. मग तीच म्हणाली, ‘आणि तुम्ही रोज लिहिता ते मला ठाऊक आहे. पाकिटं माझ्याच बॅगेतली घेताय.’ आणि हसली. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. म्हटलं, वाचलीस? म्हणाली, ‘दुसऱ्याचं पत्र वाचतात का?’

ऐक आता. चेकर म्हणून मी चार दिवस डोळे फाडफाडून बघितलं. एक दोष सापडला, मोसंब्याचा रस. बाकी मला जे दिसलं ते मी तिला इतक्या वर्षांत कधी बोलून दाखवलं नाही, म्हणून इथे लिहिते, की या बाईसारखी आई मी झाले नाही. मला जमलं नसतं. माझ्या लेकाला ती मिळाली आणि त्याला ती दिसली नाही, याचं मला फार वाईट वाटतं. थोडा दोष माझा, मीच तुला फक्त खोट बघायला शिकवलं.

‘घरी आई आहे, ती सांभाळेल,’ हे तू कोर्टात सांगणार आहेस. त्या आईने काय सांभाळलं ते वर लिहिलंय. तू हे पत्र फाडशील, मला माहीत आहे. म्हणून इथवरचं मी दोनदा लिहिलं, शब्दाला शब्द, दोन्हीवर सही केली. दुसरं तासाभरापूर्वी तिच्या वकिलांच्या पत्त्यावर रजिस्टर केलं. तिला अजून सांगितलेलं नाही, ती अडवेल. वीस तारखेला विचारलं तर हेच मी तोंडाने सांगेन, तुझ्यासमोर. तू माझ्याशी बोलणं टाकशील. टाक. नातवंडं मला तिथे मिळणार होती, ती आता मिळणार नाहीत, आणि इथेही ती मला त्यांच्याजवळ किती येऊ देईल ते तिचं तिने ठरवावं, माझा हक्क नाही. पण मुलं तिच्याकडेच राहिली पाहिजेत.

तुझी आई,
जिच्या हातून मुंगी हरवली